अंकिताचा काळा कोट

मी एक जुना काळा कोट आहे, मित्रांनो. कोपरांवर माझा रंग उडाला आहे आणि एक गुंडी दुसऱ्याच कोटाची आहे. पुलगावच्या शिंप्याने मला शिवले तेव्हा मात्र माझा रुबाब असा होता, की अंकिताच्या आईने, मोहिनीबाईंनी, मला कितीतरी वेळ मांडीवरून खाली ठेवले नाही. पिपरी मेघेतल्या त्या घरात वकील झालेली अंकिता पहिलीच.

सनद मिळाली, पण नव्या वकिलाला हाताखाली घेणारा कोणी ज्येष्ठ वकील लागतो. वर्ध्याच्या कोर्टाजवळची ऑफिसे आम्ही पालथी घातली. कोणी म्हणाले, जागा नाही. कोणी म्हणाले, मुली लग्न करून निघून जातात, शिकवायचे कशाला? मी तिच्या घामाने भिजायचो आणि ती रोज मला झटकून पुन्हा अंगात घालायची.

मग नाना वकिलांनी तिला ठेवून घेतले. काही विचारलेही नाही. "उद्यापासून ये," एवढेच म्हणाले. अंकिता हरखली. मला मात्र त्या ऑफिसातली शांतता आवडली नाही. पक्षकार तिथे कुजबुजत बोलत, आणि नाना आत आले की तेही थांबे.

थोड्याच दिवसांत कोर्टाच्या फाटकाशी ऋतिक भेटला. अंकिताच्या आधी तो नानांचा ज्युनिअर होता. आता त्याच्या अंगात कोट नव्हता.

"नानाकडं लागली काय?" त्याने विचारले.

"हो. तुम्ही काऊन सोडलं?"

त्याने एकदा मागे वळून पाहिले. "सही करशील तं माणूस पाहून करजो," म्हणाला आणि गर्दीत मिसळून गेला.

त्यानंतर एका दुपारी हिंगणीहून गोपाल नावाचा माणूस एका म्हातारीला घेऊन आला. आपली चुलती रुख्माबाई राजीखुशीने शेत आपल्या नावे करून देते आहे, असे तो सांगत होता. "कागदावर अंगठा देणाऱ्या बाईला मी ओळखते," अशी सही वकिलाला करावी लागते. नानांनी कागद अंकितापुढे सरकवला.

"सही कर."

"आजी, तुमचं नाव काय?" अंकिताने विचारले.

"रुख्माबाई," गोपालच बोलला.

"त्यांना सांगू द्या."

म्हातारीने गोपालकडे पाहिले. मग टेबलाखालून तिचा हात आला आणि तिने माझी बाही घट्ट धरली. अंकिता खाली वाकली.

"नको करू पोरी सही," म्हातारी पुटपुटली. "रुख्मा घरी खाटेवर पडून हाये. मी तिच्या शेजारची आनंदा."

अंकिता सरळ उभी राहिली. "मी यांना ओळखत नाही. सही करणार नाही."

नाना रागावले नाहीत. हसून म्हणाले, "वर्धा लहान आहे, अंकिता. इथं मला सगळे ओळखतात."

ती बाहेर पडली. दुसऱ्या कोणीतरी सही केली, आणि शेत गोपालच्या नावे झाले.

अंकिताने हिंगणीला जाऊन खऱ्या रुख्माबाईंना सगळे सांगितले. त्यांनी नागपूरचा वकील करून दावा लावला. आनंदाबाई साक्ष द्यायला तयार झाल्या. इकडे वर्ध्यात मात्र अंकिताला पाहिले की लोक वाट बदलू लागले. कोणी कामावर घेईना. सारा पावसाळा मी खिळ्यावर लटकून होतो. मला बुरशी धरली, आणि माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

साक्षीच्या दिवशी तिने मला उन्हात वाळवून अंगात घातले. हिंगणीच्या एसटीतून उतरणाऱ्या एकेका बाईकडे ती पाहत राहिली. आनंदाबाई उतरल्या नाहीत. शेवटी उतरलेल्या बाईने सांगितले, "थे घरी नाई. पहाटेच गोपालची गाडी आलती. कुठं नेलं, कोणाले माहीत नाई."

अंकिता तडक पोलिसांत गेली. त्यांनी नाव लिहून घेतले, पाहू म्हणाले. तिथून ती कोर्टात आली आणि रुख्माबाईंच्या वकिलाला म्हणाली, "ती नाही, तर मी सांगते. मी तिथं होते."

मित्रांनो, साक्षीदाराला वकिलाचा कोट घालता येत नाही. तिने मला काढले, घडी केली आणि बाकावर ठेवले. पिंजऱ्यात ती इतकी लहान दिसत होती. समोर गोपालचे वकील म्हणून नाना होते, आणि ते तिच्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होते.

तिने सगळे सांगितले. आवाज एकदाही अडला नाही.

दावा अजून चालू आहे. आनंदाबाई अजून सापडलेल्या नाहीत. अंकिता दर आठवड्याला पोलीस ठाण्यात जाऊन विचारते, आणि जाताना मला घालून जाते. मित्रांनो, आपल्या कपड्यांना जपा, ऊन दाखवा, सुटलेली गुंडी वेळेवर लावा. आणि कोणी टेबलाखालून तुमची बाही धरली, तर ती झटकून टाकू नका.