रंगाखालचं माप

काकांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं त्या हँगरमध्ये झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळेच म्हणत. पुतणी तर हे ऐकतच मोठी झाली. वडील गेल्यावर काकांनीच तिला सांभाळलं, हातात पहिला पाना दिला तोही त्यांनीच. आता आठ लहान विमानांची देखभाल दोघं मिळून करत होती आणि येत्या शनिवारी काका निवृत्त होणार होते. चाळीस वर्षांत त्यांच्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगत.

त्या सकाळी दोन नंबरच्या विमानाच्या पंख्याच्या पात्याला खडा लागून नखाएवढी खाच पडली होती. खडीच्या धावपट्ट्यांवर उतरायचं म्हणजे हे चालायचंच. पुतणीने कानशीने खाच घासून सपाट केली आणि शेजारी मायक्रोमीटर लावून पात्याची जाडी घेतली. देखभालीच्या पुस्तकात त्या जागेची मर्यादा दिली होती: दहा पूर्णांक नऊ मिलिमीटर. त्याखाली केसभर गेलं तरी पातं बाद. बारीक झालेलं पातं हवेत तुटू शकतं, आणि तुटलं तर पंखा असा हादरतो की इंजिन जागेवरून उखडून येतं.

माप आलं बरोबर अकरा.

"झालं का? खेड्यावरच्या शिबिराला न्यायचे डॉक्टर येऊन बसलेत," दोन नंबर उडवणाऱ्या कॅप्टनने दारातून विचारलं.

"झालं, झालं," काका म्हणाले. "मागच्या वेळी मीच मोजलंय, तेव्हाही पास होतं. कर गं सही."

तिने पेन उघडलं. दुसऱ्या हाताचं बोट मात्र अजून घासलेल्या जागेवर फिरत होतं, आणि जिथे उघडा धातू संपून रंग सुरू होत होता तिथे ते अडखळलं. तिने वाकून पाहिलं. काळा रंग, त्याखाली राखाडी, त्याखाली पुन्हा काळा, पुन्हा राखाडी. काकांना पाती चकचकीत लागत. दर तपासणीला जुना रंग न खरवडताच ते वरून नवा हात मारत. 'एक दिवस हे वैमानिकालाही रंग लावतील,' अशी सगळे त्यांची थट्टा करत, आणि तीही त्यात असायची.

"काका, हे माप रंगासकट आलंय."

"मग?"

"पुस्तकात नुसत्या धातूचं माप आहे."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने भर पंगतीत त्यांचं ताट ओढलं होतं. "रंगाची जाडी ती किती? मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. रंग काढून बघते."

"आणि डॉक्टर? आणि शनिवार?" त्यांचा आवाज खाली आला. "पास आहे म्हटलं ना मी."

तिला सही करून टाकावीशी वाटली. अगदी मनापासून वाटली. पण कॅप्टन दारातच उभा होता, आणि त्या पात्यामागे तोच बसणार होता. तिने पेन बंद केलं आणि रंग काढायच्या औषधाचा डबा उघडला.

दहा मिनिटं तिने औषध मुरू दिलं. रंग फुगला, सोलला, धातू पांढरा उघडा पडला. मायक्रोमीटर लावून तिने दोनदा माप घेतलं. दहा पूर्णांक सात.

काकांनी मायक्रोमीटर तिच्या हातून काढून घेतला. त्यांनी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर ते एकदम भिंतीवरच्या उड्डाणांच्या फळ्याकडे वळले.

"हवेत कोण आहे?"

"तीन नंबर," ती म्हणाली. "बाकी सगळी इथेच आहेत."

तीन नंबरची पातीही त्यांनीच मोजली होती. तशीच, रंगावरून.

रेडिओचा स्पीकर हँगरमध्येही वाजे आणि ऑफिसातही. काकांनी माइक उचलला. "तीन नंबर, जवळच्या पट्टीवर उतर. इंजिनाचा वेग कमी ठेव."

"का हो काका? इथे तर सगळं ठीक आहे," पलीकडून पायलट म्हणाला.

काका थांबले. साधी तपासणी आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ऑफिसच्या काचेमागे मालक उभा राहिला होता. ज्या माणसाने जन्मात काकूपुढेही कधी चूक कबूल केली नव्हती, तो आता काय बोलेल, हे पुतणीला सांगता आलं नसतं.

"तुझ्या पात्यांचं माप मी रंगावरून घेतलंय," काका म्हणाले. "माझी चूक आहे. पातं मर्यादेखाली असू शकतं. उतर बाळा."

"बरं काका. उतरतो."

अकरा मिनिटं लागली. काका माइक धरून उभेच होते, आणि पुतणी त्यांना टेकून. कॅप्टनने टोपी काढून हातात घेतली होती. शेवटी स्पीकर बोलला, "तीन नंबर. उतरलो. इंजिन बंद केलं."

काका स्टुलावर बसले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. थोड्या वेळाने उठून त्यांनी मायक्रोमीटर पुसला आणि तिच्या हातात दिला.

"इथे अजून सहा विमानं आहेत," ते म्हणाले. "मी रंग काढून देतो. मोजायचं तू."