भोपळा नसलेलं पान

“पोरीनं पानी मागितलं, तर पानी द्यावं का कोडं घालावं?” साळूबाईनं वरवंटा पाट्यावर आपटला. भिजल्या डाळीचा शिंतोडा तिच्याच कपाळावर उडाला, त्यामुळं ती आणखी पेटली. “कोन्त्या तांब्यात जास्त मावंल, सांग बरं, म्हनं! तवर पोरीचा घसा वाळू दे. ही थेरं भोरास नेऊन घाल, बना. पासलीत न्हाई चालायची.”

बना चुलीपाशी गवारीच्या शेंगा मोडत होती. तिनं मान वर केली नाही.

“पिली की ती पानी, आत्या. बुटका तांब्या रुंद हाय, त्यात जास्त, म्हनली.”

“व्हय, बालिष्टरच व्हायाची हाय!”

बना कामथडीची. लग्नाआधी भोरात एका वकिलाच्या घरी केरवाऱ्याला होती. वकिलाची बायको सौदामिनीबाई ओसरीवर लहान लहान पोरं जमवायची, त्यांच्यापुढं बिया नि मणी मांडायची आणि शिकवायचं सोडून नुसतं विचारत बसायची. बनानं केर काढता काढता तेवढं उचललं, भांड्यांच्या जागी आंदण म्हणून तेच आणलं, असं साळूबाई गावभर सांगे. बनाची लेक ठकी बोलायला लागली तशी घरात सरळ उत्तर मिळेनासं झालं. सुपात मूठभर वाल ओतायचे, त्यात एक हुलगा टाकायचा नि विचारायचं, “यातलं येगळं कोन?” पोरीनं उचलून दाखवलं की पुन्हा, “कशावरनं?” त्या ‘कशावरनं’नं साळूबाईचं डोकं उठे. चार वर्षांच्या पोरीनं परवा गुरवाला विचारलं होतं, देवानं निवद खाल्ला कशावरनं? गुरव अजून तोंड फिरवून जात होता.

पण आज साळूबाईच्या जिभेला जी धार होती, ती काही बनामुळं नव्हती.

वैशाखात पालीचा सावळाराम मुंबईहून आला होता. तो आणि साळूबाईचा लेक, बनाचा नवरा गेनू एकाच गोदीत हमाली करत. सावळाराम घराकडं आलाच नाही. त्यानं साळूबाईला खाचराच्या बांधावर गाठलं. गोदीत जहाज फुटलं, आग लागली, गेनू त्याच धक्क्यावर होता. जाळायलासुद्धा काही हाती लागलं नव्हतं. साळूबाईनं तिथल्या तिथं त्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली आणि घरी येऊन सांगितलं, गेनू जहाजावर चढून कराचीला गेलाय, इतक्यात यायचा नाही. पुढं आगीची बातमी गावात पोचली, तेव्हाही ती हेच म्हणाली. वर म्हणाली, आगीच्या आधीच गेला, नशीब माझं.

खरं सांगितलं असतं, तर कामथडीहून बनाचा भाऊ गाडी जुंपून आला असता. बना गेली असती, ठकी गेली असती. मागं कोण, तर साळूबाई आणि तिची चूल. शिवाय बनाच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या कुणी? साळूबाईच्या तिच्या सासूनं फोडल्या होत्या, मनगट दगडावर धरून.

भादव्यातल्या अवसेपर्यंत तिनं हे सगळं एकटीनं रेटलं. पण आज पितरं जेवायची होती. आज गेनूला उपाशी कसा ठेवायचा?

दुपार चढली तसा तिचा दीर सोनबा आंघोळ करून ओलेत्यानं आला. पडवीत केळीची पानं वाढून ठेवली होती. सोनबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पानावर अगदी वाकला तेव्हा त्याला वडे दिसले.

“वैनी, औंदा कावळ्यांची चंगळ हाय.”

“कावळ्यांची हाय, तुमची न्हाई. हात मागं घ्या.”

सोनबा हसला. ठकी मुठीत चिंचोके घेऊन त्याच्या पायांत घोटाळत होती. तो तिला दाखवू लागला, “ह्ये तुज्या आज्याचं. ह्ये पणज्याचं. आन ह्ये पणजीचं, लई मारकुटी म्हातारी.” एकेक नाव ऐकायचं नि त्या पानापुढं चिंचोका ठेवायचा, असं ठकी करत गेली. आजा झाला, पणजा झाला, पणजी झाली. भिंतीच्या कडेला, डालग्याच्या आडोशाला आणखी एक पान होतं. तिचा हात तिथं अडला.

“आज्जी, ह्ये कुनाचं?”

“गाईचं.”

“गाईला आयनं मगाच घातलं.”

“मग कुत्र्याचं. ऊठ, पायाखाली येऊ नगंस.”

ठकी उठली नाही. गुडघ्यांवर हात टेकून, सुपातल्या दाण्यांकडं बघावं तशी त्या पानाकडं बघत राहिली. आतून गरम वड्यांची परात घेऊन बना उंबऱ्यात आली. लेक अशी बसलेली दिसली की तिच्या तोंडून आपोआप यायचं तेच आलं.

“काय गं ठके, येगळं काय हाय त्यात?”

“भोपळा न्हाई.”

साळूबाईनं पानाकडं बघितलं. बाकीच्या पानांवर भोपळ्याची पिवळी फोड होती. पितरांना भोपळा लागतोच. मघाशी वाढताना तिचा हात त्या पानापर्यंत गेला असेल आणि आपसूक मागं आला असेल. त्या ताटात तिनं कधी भोपळा वाढलाच नव्हता.

“मग कुनाचं आसंल?” बना अजून हसतच होती.

“भोपळा कोन खात न्हाई? बा. भोपळा बगितला की ताटावरनं उठतो, तूच म्हनतीस.” ठकीनं चिंचोका ठेवला. मग पडवीच्या कडेला उतरलेल्या कावळ्यांकडं बघत म्हणाली, “आय, बा पन कावळा झाला?”

सोनबानं आपले धुरकट डोळे साळूबाईच्या दिशेला वळवले. अख्ख्या वाडीला बोलण्यात न हरणारी साळूबाई भिंतीला टेकून खाली बसली.

बनानं परात खाली ठेवली. ती त्या पानापुढं बसली. कराचीहून एक सांगावाही का आला नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. जगाला ‘कशावरनं’ विचारणाऱ्या बाईनं एवढं एकच विचारायचं टाळलं होतं. तिनं परातीतला एक वडा उचलून पानावर ठेवला. मग डाव्या हातातल्या बांगड्या उजव्या मुठीत गच्च धरल्या, वाजू नयेत अशा.

“सावळाराम आल्ता तवाच कळलं व्हतं?”

साळूबाईनं मान डोलावली.

सोनबानं पहिली तीन पानं उचलून बाहेर नेली. कावळ्यांचा एकच गलका उठला. चौथ्याला त्यानं हात लावला नाही.

ठकीनं आईचा पदर ओढला. “आय, म्या बराबर सांगितलं का? आय?”

साळूबाई भिंतीला धरून उठली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत लावायला गेली.

“लई वाईट केलंस, बना. येवढ्याशा पोरीला इचार कराया शिकवलंस. खोटं बोलून म्या माज्या गेनूला जगवला व्हता, तेवढी सोय बी ठेवली न्हाईस. आता भावाकडं जायाचं तर जा, म्या आडवी पडायची न्हाई. पन पोर इचारतीया न्हवं? बराबर हाय म्हनून सांग तिला.”