अंडं परकं, ऊब माझी

मी एक खुडूक कोंबडी बोलतेय. खुडूक म्हणजे अंडी घालायचं सोडून ठाण मांडून बसणारी. कोंबडीवाल्याच्या लेखी मी बिनकामाची, म्हणून त्यानं मला डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात मारलं. त्यांना तशीच हवी होती.

या डॉक्टरीणबाई माणसांच्या नव्हेत. पाणथळीतला एक पक्षी कधीच नामशेष झालेला. तो त्यांना परत आणायचा होता. संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्याच्या कातडीतून त्यांनी म्हणे त्याची जनुकं वाचली, जिवंत भाऊबंदांच्या पेशींत उतरवली आणि कशीबशी अंडी मिळवली. उबवणीच्या यंत्रात ठेवलेली सगळी नासली. एक उरलं. ते बाईंनी अलगद माझ्या पोटाखाली सरकवलं.

"सांभाळ गं बाई," त्या म्हणाल्या.

त्यात सांगायचं काय? बसण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

पिल्लू निघालं. नुसत्या टांगा, तिरकी चोच आणि चिखलाचा रंग. रूपाच्या नावानं आनंदच! पण पंखाखाली शिरल्यावर रूप कोण बघतं?

लेक मोठी झाली, तसे तिचा आवाज ऐकायला बाईंचे मोठे साहेब आले. ध्वनिमुद्रणाची यंत्रं लागली. सगळे श्वास रोखून उभे. लेकीनं मान उंचावली आणि म्हणाली, "कॉक कॉक कॉक."

साहेबांचं तोंड उतरलं. "एवढा खटाटोप करून आपण लांब पायांची कोंबडी काढली? बंद करा हे."

बाई मऊच बोलल्या. "साहेब, तिच्या जातीचं बोलायला कोणी उरलंच नाही. आईकडून ऐकलं ते शिकली. तिला एक भावंड तरी मिळू दे."

आई म्हणजे मी. माझी मान आपोआप ताठ झाली.

साहेब कुरकुरत कबूल झाले. पुढच्या खेपेला धाकटी निघाली, तीही माझ्याच उबेत. बरेच दिवस दोघी माझ्याच भाषेत भांडल्या. मग एका सकाळी डबक्यात उभं राहून धाकटीनं घशातल्या घशात काहीतरी घुमवलं. थोरलीनं जरा वरच्या पट्टीत उत्तर दिलं. बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला.

मी हाक मारली. पोरींनी वळूनही पाहिलं नाही. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू?

बाई शेजारी येऊन बसल्या. "कळतंय का गं, काय बोलताहेत?"

छे. एक अक्षर नाही.

परवा दोघींना पाणथळीत सोडलं. खुराड्यात आता मी एकटीच. लोकहो, ज्या पाखरांच्या आया अजून जिवंत आहेत, त्या आयांना जगू द्या. आम्ही कोंबड्या कुणाच्याही अंड्यावर बसू. पण त्या पाखरांची बोली आम्हाला येत नाही.