अठ्ठावीस महिन्यांचा ऊस

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात इंदापूर भागातल्या एका साखर कारखान्यानं उसाच्या तोडणीची यादी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर काढली आणि त्याच दिवशी गेटवर बोंब उठली. पहिलं नाव दादासाहेबांचं! आणि दादासाहेब म्हणजे कारखान्याचेच शेतकी अधिकारी.

"रेश्माबाई, सायबाचा ऊस पयला घालायला काय घेतलं?" कुंडलिकनं ऑफिसच्या खिडकीतूनच विचारलं. जास्त वयाचा ऊस आधी तोडायचा हा नियम, आणि त्याचा सोळा महिन्यांचा आडसाली ऊस दोनशेच्याही मागं गेला होता.

यादी काढणाऱ्या रेश्माच्या अंगाची लाहीलाही झाली. कऱ्हाटीच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली ही पहिली नोकरदार मुलगी. रोज एसटीनं बारामतीला जाऊन कॉम्प्युटर शिकली, ती काय हे ऐकायला? अकराला तोडणीच्या टोळ्यांना चिठ्ठ्या जायच्या होत्या. तोवर चूक सापडली नाही, तर कॉम्प्युटर बंद होऊन त्यावर कापड पडणार आणि लबाडीचा डाग हिच्या कपाळी कायमचा. घड्याळात सव्वादहा झाले होते.

तिनं प्रोग्रॅम देणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. "प्रोग्रॅम बरोबर आहे, तुमची माहिती तपासा," असं सांगून तिकडच्या शहाण्यानं फोन ठेवूनसुद्धा दिला.

मग तिनं यादीवर बोट ठेवलं आणि एकेक ओळ वाचत सुटली. पहिले चाळीस ऊस, सगळे खोडवे! वय अठ्ठावीस महिने, सत्तावीस महिने. तिच्या घरी वय ओळखायचं ते मेंढीचे दात बघून. उसातलं तिला काय कळणार? पण तीस वर्षं चिठ्ठ्या वाटणारा तात्याबा समोरच तंबाखू मळत बसला होता.

"तात्याबा, अठ्ठावीस म्हैन्यांचा ऊस असतो का वो?"

"येडी का काय पोरी! तवर त्याचं चिपाड हुईल. आगं, खोडवा म्हंजी तोडल्याल्या बुडख्यातनं फुटल्याला. त्याचं वय तोडल्यापास्नं धरायचं. सायबाचा तर अकराच म्हैन्यांचा हाय."

रेश्मा खुर्चीतून उडालीच. तिनं सेटिंग उघडलं. 'वय कुठून मोजायचं' या रकान्यात नव्या उसापुढं लागणीची तारीख आणि खोडव्यापुढंही लागणीचीच तारीख! महिन्यापूर्वी फ्लॉपीवरून प्रोग्रॅम चढवताना तो रकाना तिनंच तसा सोडला होता. चूक तिची होती, तरी तिला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. तिनं खोडव्यापुढं मागच्या तोडणीची तारीख लावली आणि प्रिंटर करकरायला लागला.

दादासाहेब मागं येऊन उभे राहिले.

"साहेब, चूक माझी. खोडव्याचं सेटिंग राहिलं होतं."

"माझा कितवा आला?"

"एकशे त्रेचाळीस." तिनं नवी यादी पुढं केली.

उद्या तोड म्हणून दादासाहेबांनी घरी टोळीचं जेवणसुद्धा सांगून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, सही ठोकली.

"सकाळीच मला कळायला पायजे हुतं. पयलं नाव आपलं दिसल्यावर माणूस फुडं वाचत न्हाय." आणि यादी घेऊन ते स्वतः गेटवर लावायला निघाले. अकराला पाच कमी होते.

थोड्या वेळानं कुंडलिक पुन्हा खिडकीशी आला. त्याचा ऊस सातवा आला होता. सकाळचं बोलणं त्यानं काढलंच नाही. हळूच आत वाकला.

"रेश्माबाई, आमच्या भिगवणच्या पावण्याचा ऊस वाईच वर घेता येईल का?"

रेश्माला हसू आवरेना.

"सायबांचा खाली गेला, कुंडलिकराव. पावण्याचा कसा वर येईल?"