भलत्या कप्प्यातलं कर्नल

"झालं का गं?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"होतंय," थोरली दात-ओठ खात म्हणाली.

बाबांनी जन्मभर मागावरच्या कापडाच्या नक्ष्या काढल्या. त्या सगळ्या एका जुनाट प्रोग्रॅममध्ये अडकलेल्या, आणि तो चालवणाऱ्या कॉम्प्युटरने नुकताच राम म्हटला होता. नेमकं आत्ताच विणकराने कितीतरी दिवसांनी काम सांगितलं: वेलीची किनार, दुपारी न्यायला येतो, नसेल तर दुसऱ्याकडून घेतो. शेजारचा दुकानदार आपल्या जुन्या मशीनवर उघडून देतो म्हणाला, तर थोरलीने नाक मुरडलं. ती आपल्या लिनक्सवर चालणाऱ्या मशीनच्या पोटातच, तो प्रोग्रॅम चालवायला, एक आभासी कॉम्प्युटर उभा करणार होती.

घोडं अडलं कर्नलपाशी. लिनक्सचा हा गाभा बाईसाहेबांनी स्वतः बांधलेला, नको ते सगळं काढून. आभासी कॉम्प्युटरला लागणारा पर्यायही त्यातच गेला होता. कोणाला लागतोय! आता तिने तो चालू केला, कर्नल नव्याने बांधलं, मशीन पुन्हा सुरू केलं. उत्तर तेच: कर्नलमध्ये सोय नाही. पुन्हा बांधलं. पुन्हा तेच.

"हो म्हटलंय ना तुला! बहिरं आहेस का?" ती मशीनवर खेकसली.

"दुकानदाराकडे जाऊन येऊ का?"

"बाबा, शेवटचं एकदा!"

विणकर आला, बसला, घड्याळाकडे बघत राहिला. "राहू दे काका, पुढच्या वेळी बघू," म्हणत उठला. बाबा नको तितक्या मोठ्याने म्हणाले, "हो हो, काही हरकत नाही."

मग कुठे थोरलीने चालू कर्नलची तारीख पाहिली. गेल्या वर्षीची! मशीन डिस्कच्या ज्या कप्प्यातून सुरू होतं, तो जोडायलाच ती विसरली होती. नवं कर्नल दर वेळी भलतीकडेच पडत होतं आणि मशीन इमानाने जुनंच उचलत होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

कप्पा जोडला, कर्नल तिथे ठेवलं, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि वेल मुकाट्याने पडद्यावर उघडली.

"फोन करते त्यांना."

"नको. तो आता दुसऱ्याच्या दारात असेल." बाबांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचं बोट एकेका पानावरून फिरत राहिलं.

"बाबा, रागवा ना मला."

"बंद करू नकोस एवढ्यात," ते म्हणाले.