थंड पाण्याची बाई

"काका, हात काढा आधी त्या चाकावरून. ही चादर गरम पाण्यात गेली ना, तर तुमची-माझी आयुष्यभराची दुश्मनी."

बॉयलरवाल्या काकांनी वाफेच्या चाकावरचा हात हसत मागे घेतला. "बरं थंडाबाई. तू म्हणशील ते."

इस्पितळाच्या धुलाईघरात तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं. एरवी ती थंडाबाईच. डागांचं टेबल तिचं होतं. वॉर्डांतून आलेला ढीग आधी तिच्यापुढे पडायचा आणि रक्ताचा कपडा दिसला की ती ओरडायची, "थंड पाणी!" रक्त गरम पाण्यात बसतं, मग ते काही केल्या निघत नाही, हे धुलाईघरात आलेल्या प्रत्येकाला तिने पहिल्याच दिवशी ऐकवलेलं असायचं. बाळंतिणींच्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं तिच्या हाताखालून कोरं होऊन जायचं. या कामाची तिला कधी किळस आली नव्हती. कुणाला तरी हे करायलाच हवं, आणि आपण ते चांगलं करतो, एवढं तिला पुरत होतं.

गेल्या काही दिवसांपासून मात्र तिचं लक्ष टेबलावर नव्हतं. हातातला कपडा तसाच टाकून ती मध्येच मोरीत जायची, दाराला कडी लावायची, पाहायची आणि तोंड पाडून परत यायची. जन्मभर जो डाग घालवण्याचा पगार घेतला, तोच आता ती स्वतःच्या कपड्यावर डोळ्यांत तेल घालून शोधत होती. दैवाची थट्टाही अशी, की सांगायला जावं तर लोक हसतील.

तिशी उलटली तशी तिची पाळी आधी लांबली, मग दोन-दोन महिन्यांनी यायला लागली आणि एक दिवस यायचीच थांबली. लग्नाला बरीच वर्षं होऊन घरात पाळणा नव्हता, त्यामुळे पहिल्यांदा नवरा-बायको दोघंही हरखले होते. तपासणीत तसं काही निघालं नाही. तरी पुढचे कितीतरी महिने ती काम आहे, दगदग आहे, असं म्हणत राहिली. शेवटी नवऱ्यानेच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं तपासलं आणि गोळ्यांचा एक पत्ता लिहून दिला. "बाईच्या शरीरात एक द्रव्य असतं, त्याच्यासारखीच ही गोळी आहे, कारखान्यात केलेली," त्या म्हणाल्या. "कुणाचं रक्त थांबत नाही तिला आम्ही ही देतो, आणि कुणाची पाळी येत नाही तिलाही देतो. तुम्ही पत्ता संपवायचा आणि वाट पाहायची. गोळ्या थांबल्यावर आठवड्याभरात अंगावरून गेलं, तर समजायचं की आतलं काम चालू आहे, फक्त वेळापत्रक बिघडलंय. मग पुढचे उपाय करता येतील."

"आणि नाही गेलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तर रक्त तपासू. कधी कधी बीजकोश लवकर थकतात, बाई. तुमच्या वयातही. पण आत्ताच घाबरायचं नाही."

न घाबरायला सांगितलं की माणूस घाबरतंच. घरी येताना नवऱ्याने तिला हसवायचा प्रयत्न केला. तो पावाच्या कारखान्यात भट्टीवर होता आणि कायम रात्रीच कामाला जायचा. "बघ ना," तो म्हणाला, "तुझी पाळी यायला तयार नाही आणि माझी रात्रपाळी जायला तयार नाही. जरा अदलाबदल करता आली असती तर?" ती हसली. मग बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली, आणि त्याने उतरेपर्यंत तिचा हात सोडला नाही.

पत्ता संपला. आठवडाही संपत आला. आणि त्या दिवशी सकाळी, अंथरूण काढताना, तिला तो दिसला.

चादरीवर, तिच्याच बाजूला, लाल आणि ताजा. लहानसा, पण डागच. ती गादीवर बसली. अशा हजारो चादरी तिने पाहिल्या होत्या, पण एकाही चादरीवरून असा हात फिरवला नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

मोरीचं दार बंद होतं. आत भाची होती, नवऱ्याच्या बहिणीची मुलगी. आई परगावी नोकरीला, म्हणून शाळेसाठी पोरगी इथे मामा-मामीकडे राहायची. मामा रात्री कामावर, त्यामुळे झोपायची मामीजवळच, आणि झोपेत अशी लोळायची की सकाळी पाय कुठे आणि डोकं कुठे याचा नेम नसे.

"अगं, किती वेळ?" तिने दारावर थाप मारली.

"मामी, माझं पोट दुखतंय. मी आज शाळेत नाही जात."

"बरं, नको जाऊस. झोपून राहा." एरवी तिने चार प्रश्न विचारले असते, कपाळाला हात लावून पाहिला असता. आज तिला दुसऱ्या कुणाचं ऐकूच येत नव्हतं.

नवरा दारात बूट काढत होता तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो एक बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे... होईल म्हणायचं." त्याचे डोळे भरून आले होते, ते त्याने भट्टीच्या धुरावर ढकललं.

ती चादर तिने भिजत घातली नाही. हयातीत पहिल्यांदाच तिने रक्ताचा कपडा तसाच कोरडा ठेवला, घडी घालून, कपाटात. तिला ती संध्याकाळी पुन्हा एकदा पाहायची होती.

धुलाईघरात ती गुणगुणत होती. काका म्हणाले, "काय थंडाबाई, लॉटरी लागली का?" ती म्हणाली, "लागेल काका, लागेल." पण दुपारपर्यंत तीनदा मोरीत जाऊन आली, आणि अंगावरचं कापड जसंच्या तसं पांढरं होतं. थेंब तर थेंब, तिने स्वतःला समजावलं. सुरुवात अशीच होत असेल. डॉक्टरीणबाई कुठे म्हणाल्या होत्या की नदी वाहिली पाहिजे? संध्याकाळी कपडे बदलताना तिने चौथ्यांदा पाहिलं, आणि मग मात्र बसच्या रांगेत उभं राहावेना, म्हणून ती चालतच घरी निघाली.

घरात शिरली तर मोरीचं दार उघडं होतं. नवरा आतल्या खोलीत झोपलेला. भाची बादलीपुढे उकिडवी बसली होती. बादलीतून वाफा येत होत्या. पोरीचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि हातात तिचीच चड्डी होती. मधोमध तपकिरी डाग.

"जातच नाही, मामी," पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली. "सकाळपासून धुतेय. चांगलं कढत पाणी घेतलं, तरी जात नाही."

मामी दारातच थांबली. तिला कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. पोरीचं पोट, बंद दार, रात्रीचं लोळणं, सगळं सकाळीच समोर होतं. तिनेच पाहिलं नव्हतं. क्षणभर तिने त्या पोरीला पाण्यात पाहिलं. जे आपण मागून मागून थकलो, ते हिला न मागता मिळालं, आणि ही ते घासून घालवायला बसली आहे, असं तिच्या मनात आलं. त्याची तिला लगेच लाजही वाटली.

"मामी, मला काही झालंय का? मी मरणार का?"

त्या प्रश्नाने ती भानावर आली. खाली बसली. पोरीच्या हातातून कपडा काढून घेतला आणि ते भाजलेले हात स्वतःच्या पदराने टिपले.

"मरतेस कशाला? पाळी आलीय तुला. सगळ्या बायकांना येते."

"तुलापण?"

तिने नळ सोडला. "मलाही यायची," ती म्हणाली. "ऊठ. ते कढत पाणी ओतून टाक. रक्ताला थंड पाणी लागतं."

तिने पोरीला कोरडं कापड दिलं, कसं घ्यायचं ते दाखवलं. मग कपाटातून ती चादर आणली, उलगडली, आणि डाग नळाच्या धारेखाली धरला. "चोळायचं नाही. आधी पाण्यालाच काम करू द्यायचं. असं." पोरगी शेजारी बसून पाहत होती. लाल रंग पाण्यातून वाहत गेला आणि दिसेनासा झाला.

नवरा उठून दारात आला. तोंडावर झोप होती, पण चेहरा सकाळसारखाच खुललेला होता. टेबलावर कागदी खोका होता. दुपारी झोप सोडून तो कारखान्याच्या दुकानातून केक घेऊन आला होता. त्याने आधी चादर पाहिली, मग रडून सुजलेली भाची, मग बायको. बायकोने 'नाही' अशी नुसती मान हलवली.

"मामा, केक कुणासाठी?" भाचीने विचारलं.

"तुझ्यासाठी," मामी म्हणाली. "मोठी झालीस ना तू आज. जा, काप. मामाला मोठा तुकडा दे."

पोरगी आत गेली. नवऱ्याने बाह्या वर केल्या आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती पिळली, तो एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

"उद्या जाऊ आपण डॉक्टरीणबाईंकडे," तो म्हणाला. "मी रजा टाकतो."

"हो."

तो कामावर गेल्यावर तिने चादर दोरीवर टाकली आणि कोपरे ताणून सरळ केले. चादर कोरी होती. डाग कुठे होता ते आता कुणालाही सांगता आलं नसतं. तिचा हात मात्र बरोबर त्या जागी गेला, आणि तिथला ओला कपडा धरून ती थोडा वेळ उभी राहिली.