ढोलीतली घाण

राखणदाराने आठ दिवस कंबर कसून पाणथळ साफ केली, कारण सरकारी समिती येणार होती. तरंगती माशी इथे जिवंत आढळली तर पाणथळ राहणार; नाही आढळली तर भराव पडून वर गोदामं उभी राहणार. बावीस वर्षं राखलेल्या जागेवर ट्रक फिरणार, हा विचारच त्याला सहन होईना.

माशी तशी एवढीशी. गांधीलमाशीसारखे पट्टे मिरवायची, पण डंखाच्या नावाने शून्य. उडता उडता हवेत एका जागी थांबायची, कुणी दोऱ्याने टांगल्यासारखी. दुसरीकडे कुठे ती सापडलेली नव्हती. त्याचा मेहुणा चिडवायचा, "लोक माशा मारत बसतात, आमचे दाजी माशा राखत बसतात!" राखणदारही हसायचा.

सफाईला सूनही बाह्या सरसावून उतरली. प्लास्टिक काढून झालं, पायवाट झाडून झाली, मग काठावरच्या वठलेल्या झाडांची पाळी आली. बुंध्यांच्या ढोल्यांत काळं कुजकं पाणी साचलं होतं. वास दहा पावलांवरूनच यायचा.

"बाबा, साहेब लोकांनी इथे काय नाक दाबून उभं राहायचं?" सून म्हणाली.

तेही खरंच. दोघांनी सगळ्या ढोल्या उपसल्या, फिनाईलने धुतल्या आणि वर चुना मारला.

समितीच्या दिवशी माशीवर संशोधन करणाऱ्या बाई तासभर आधी आल्या. अकरा वर्षं त्या या एका माशीच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. "काका, काय लख्ख केलंत हो!" म्हणत त्या बुंध्यांपाशी गेल्या आणि थबकल्या.

"इथलं पाणी?"

"उपसलं. आणि किडे तरी किती मेले! लांब शेपटीच्या अळ्या नुसत्या वळवळत होत्या. सगळ्या उन्हात फेकल्या. एक म्हणून ठेवली नाही."

बाईंनी कोरड्या ढोलीत हात फिरवला. "काका, त्याच होत्या."

"कोण त्याच?"

"आपल्या माशा. पंख फुटायच्या आधीच्या. या ढोल्या सोडून कुठेच नसायच्या. माशी उडायला अजून अवकाश आहे, म्हणून समितीला अळ्याच दाखवणार होते मी."

"मग सांगायचं नाही का मला? अकरा वर्षं तुमच्याबरोबर चिखल तुडवतोय मी!"

"कुणीतरी संग्रहासाठी अळ्या चोरून नेईल म्हणून कुणालाच नाही सांगितलं. तुम्हालाही नाही." आणि त्या रडायला लागल्या.

त्याला बाईंचा राग आला, त्याहून जास्त स्वतःची शिसारी आली. तो उपसलेल्या गाळाकडे धावला. गुडघे टेकून, बोटांनी ढेकूळ न् ढेकूळ फोडलं. अळ्या वाळून काड्या झाल्या होत्या. एकही हलली नाही.

समिती आली. इतकी स्वच्छ पाणथळ आपण उभ्या जन्मात पाहिली नाही, असं म्हणून अध्यक्षांनी त्याची पाठ थोपटली. दोन तास शोधाशोध झाली. शेवटी त्याला राहवेना.

"साहेब, होत्या हो. मी मारल्या." त्याने वाळलेल्या अळ्यांची ओंजळ पुढे केली.

अध्यक्ष वाईट नव्हते. त्यांनी ओंजळीत वाकून पाहिलं, चष्मा पुसला. "मेलेल्यावर जागा राखता येत नाही, काका. नियमाला जिवंत लागते."

मग त्यांनी कागद पुढे केला. पाहणीत एकही जिवंत माशी किंवा अळी आढळली नाही, असं लिहिलं होतं. खाली साक्षीदाराची जागा मोकळी होती.

"इथले सगळ्यात जुने तुम्हीच," अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी तोंड फिरवलं. राखणदाराने कागद दोनदा वाचला, कुठे काही खोटं सापडतंय का ते बघितलं. सापडलं नाही. हात पँटला पुसून त्याने सही केली.